वाऱ्याकडची रांग

जपानी ऑफिसात नवीन प्रोजेक्ट सुरू झालं की पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख करून द्यायची असते. नाव, गाव, आधी काय केलं, आवड काय, आणि शेवटी कमरेत वाकून ‘सांभाळून घ्या’. इतकी वर्षं तोक्योत काढल्यावर माझी ती पाच वाक्यं मलाच शिळी वाटायला लागली होती. म्हणून तोयोसु भागातल्या ऑफिसातल्या त्या नव्या प्रोजेक्टच्या वेळी मी सहावं वाक्य घातलं: माझे वडील शेतकरी आहेत. आणि स्लाइडवर आमच्या शेताचा फोटो लावला. सांगोल्याकडचं माळरान, त्यात डाळिंबाची बाग, आणि बागेच्या एका अंगाला काठ्यांना बांधलेल्या आईच्या जुन्या साड्या. लाल, पोपटी, जांभळ्या, सगळ्या फुगलेल्या.

खोलीभर ‘हेएए’ असा लांब सूर उठला. फोटो सगळ्यांना फार सुंदर वाटला. साड्या कशाला, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून. आमच्याकडे बरेच लोक त्यासाठीच साड्या बांधतात. आईने कशासाठी बांधल्या होत्या हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

प्रोजेक्ट होतं शेतांच्या नकाशांचं. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर, पूर्वेकडच्या मैदानात पिकं पावसावरच येतात. गहू, बटाटा, साखरबीट आणि वाल-घेवड्याच्या जाती, आळीपाळीने. तिथली कापणी-काढणीची यंत्रं शेताच्या कुठल्या कोपऱ्यात किती पीक निघालं याची नोंद ठेवतात. आम्ही ती नोंद घेऊन नकाशा रंगवायचो. भरपूर तिथे हिरवा, बरं तिथे पिवळा, कमी तिथे लाल. मग चालकाशिवाय चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी रस्ता आखायचा आणि शेतात काय बदल करावा ते शेतकऱ्याला सुचवायचं. हे सगळं समुद्राकाठच्या एका टॉवरमध्ये, एवढ्या वर बसून की खालची माणसंसुद्धा नीट दिसत नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात.

आमच्या टीममध्ये मातीत हात घातलेला एकही माणूस नव्हता. त्यामुळे सहाव्या वाक्याच्या जोरावर मी जाणकार झाले. कुणी काही विचारलं की आमचे साहेब माझ्याकडे बघायचे. मलाही ते आवडायला लागलं. खरं तर अकरावीपासून मी पुण्यात हॉस्टेलवर होते, शेतावर जायचं ते सुट्टीपुरतं, आणि गेलं तरी विहिरीजवळ पुस्तक घेऊन बसायचं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं फार सोपं असतं, आणि परदेशात तर पाव हळकुंडसुद्धा पुरतं.

ऑक्टोबरात आम्ही एका शेतावर गेलो. मालक सत्तरी ओलांडलेले, त्यांची बायको जवळपास तेवढीच. मुलं शहरात, शेती पुढे कोण करणार हा प्रश्नच नाही. मी मनातल्या मनात त्यांना काका-काकू म्हणायला लागले आणि अजूनही तेच म्हणते. काकांचे गुडघे गेले होते. चालकाशिवायचा ट्रॅक्टर आला तर अजून काही वर्षं शेती हातात ठेवता येईल, नाहीतर सोडायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यासाठी शेतं मोठी आणि सलग हवी होती.

आडवी येत होती ती झाडं. त्या मैदानात शेतांच्या मधून कारामात्सुच्या रांगा आहेत. कारामात्सु म्हणजे सूचिपर्णीच, पण शरदात पिवळं होऊन पानं गाळणारं झाड. काकांच्या शेतात अशा दोन रांगा होत्या. एक अगदी पश्चिमेच्या हद्दीवर आणि दुसरी मधोमध, शेताचे दोन तुकडे करणारी. दोन्ही त्यांच्या वडिलांनी लावलेल्या. आमच्या नकाशात त्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टा होता, सरळ, पट्टीने ओढल्यासारखा. तिथे पीक कमी येत होतं, यात शंकेला जागा नव्हती.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तो नकाशा पसरला. उकडलेल्या बटाट्यांवर लोणी वितळत होतं. काका बराच वेळ त्या लाल पट्ट्यावर बोट ठेवून बसले. मग साहेबांना नाही, मला विचारलं, “तुमच्या वडिलांकडे कसं असतं?”

मी सांगितलं. आमच्याकडे बांधावर कडुनिंबाची आणि बाभळीची रांग होती. झाडाच्या सावलीने आणि मुळांनी जवळचं पीक खुरटतं, त्याला आमच्या भाषेत वसवा म्हणतात. बांधालगतची बाजरी गुडघ्याएवढी आणि आतली डोक्याएवढी, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मग आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रांग तोडली. पुढच्या वर्षी गणपतीत मी घरी गेले तेव्हा बाजरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी उभी होती. यातला शब्द न् शब्द खरा होता.

काकांनी खिशातून छोटी वही काढली आणि ‘वसवा’ हा शब्द त्यांच्या लिपीत लिहून घेतला. दोनदा उच्चारून बघितला. आपल्या नुकसानीला जगाच्या दुसऱ्या टोकाला नाव आहे, याचा त्यांना दिलासा वाटला असावा.

काकू चहा ओतत होत्या. मी कौतुकाने त्यांना तो साड्यांचा फोटो दाखवला, डुकरांचंही सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून फोटो जवळ घेतला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “इथे वारा वसंतात येतो. तुमच्या नकाशात वसंत आहे का?”

मी म्हणाले, “उत्पन्नात सगळं येतं.”

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा आठवलं आहे की त्यातला माझा स्वरही मला पाठ झाला आहे. सौम्य, हसरा, समजूत घालणारा. बायकोने नवऱ्याच्या कामात काहीतरी विचारावं आणि शिकलेल्या मुलीने तिला गप्प करावं, तसा. काकूंनी मान हलवली आणि माझ्या कपात चहा घातला.

हिवाळ्यात मधली रांग तोडली गेली. नव्या वर्षाच्या सुमारास तोक्योतल्या निशी-कसाईच्या आमच्या घरी एक खोका आला. त्यात बटाटे, घेवड्याच्या लाल दाण्यांची पिशवी, आणि कारामात्सुची एक गोल चकती, घासून गुळगुळीत केलेली. गरम भांड्याखाली ठेवायला, असं काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं. घरभर ओल्या लाकडाचा वास सुटला. मी ती चकती कुकरखाली ठेवायला लागले. माझी लेक इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी. तिने एका रविवारी त्या चकतीवरची वर्तुळं मोजायला घेतली. मोजून झाल्यावर म्हणाली की झाड आजीपेक्षा थोडंसंच लहान आहे. मी तिला म्हटलं, आता चकती बाजूला कर, कुकर उतरवायचाय.

मे महिन्यात एका सकाळी साहेबांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. काकांच्या शेतावर वारा झाला होता. दिवसभर. रस्त्यावर गाड्यांनी दुपारी दिवे लावले होते, एवढी माती उडत होती. मधल्या रांगेच्या पूर्वेकडे काकांनी साखरबीटची रोपं लावली होती, ती बहुतेक सगळी गेली. पश्चिमेच्या तुकड्यात गहू होता, मागच्या शरदात पेरलेला, मुळं धरलेला. त्याला काही झालं नव्हतं.

“म्हणजे नुकसान रोपं कोवळी होती म्हणून झालं,” साहेब म्हणाले. “झाडं तोडली म्हणून, असं म्हणता येणार नाही. डेटा नाही.” ठरल्याप्रमाणे पश्चिमेची रांगही येत्या हिवाळ्यात जायची होती, तिच्याही कडेला लाल पट्टा होता. हे शेत आमचा नमुना होता. ते पुरं झालं की आजूबाजूच्या शेतांना हाच सल्ला द्यायचा होता. काकांची संमतीची सही राहिली होती. “तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे,” साहेब म्हणाले. “तुम्हीच जाऊन या.”

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तोही आमच्याच धंद्यातला. “अगं पण डेटा क्लीन होता ना?” त्याने विचारलं. होता. “मग तुझी काय चूक?” चूक कुठे आहे ते मला सापडत नव्हतं, फक्त ती आहे एवढं कळत होतं. दोन दिवसांनी मी विमानात बसले. पिशवीत सहीचा कागद होता.

त्या दिवशीही वारा होताच, पण चालता येईल इतका. शेत मी ओळखलंच नाही. ऑक्टोबरात जिथे झाडांची पिवळी भिंत होती तिथे बुंध्यांची ओळ होती, आणि तिच्या पलीकडे नजर कुठे अडतच नव्हती. रोपं जवळून पाहिली. काही मुळासकट उघडी पडलेली, काहींची देठं पिळून सुतळीसारखी झालेली, काहींची फक्त करपलेली टोकं मातीबाहेर. ती आधी कागदी नळ्यांत, हरितगृहात वाढवतात. बर्फ वितळायच्या आधीपासून काकू त्यांना पाणी घालत होत्या, हे मला त्यांनी नंतर पाठवलेल्या एका चिठ्ठीवरून माहीत होतं.

काका रस्त्याकडेच्या चरात उभे होते. वाऱ्याने नेलेली माती तिथे साचली होती, ती फावड्याने हातगाडीत भरत होते. हातगाडी काकू ढकलत होत्या. आपलीच माती ते आपल्या शेतात परत नेत होते. मी खाली वाकून काहीतरी माफीचं पुटपुटले. काकांनीच उलट माफी मागितली, इतक्या लांब यायला लागलं म्हणून. “निर्णय माझा होता,” ते म्हणाले. ते एका शब्दाने रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

काकूंनी हातमोजे काढले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. “तो फोटो आहे का अजून?”

मी फोन काढून दाखवला. त्यांनी साड्यांवर बोट ठेवलं. “ही कापडं सगळी एकाच बाजूला फुगलीयत. मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही म्हणालात डुकरांसाठी, आणि शेत तुमच्या वडिलांचं. मी कशी बोलणार?”

मी फोटो पाहिला. तो मी शेकडो वेळा पाहिला होता. ऑफिसच्या भिंतीवर, दाराएवढा मोठा करून. साड्या फक्त पश्चिमेच्या बांधाला होत्या. बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्या होत्या. डुकरं काय फक्त पश्चिमेकडून येतात?

इथे दुपार होती, म्हणजे गावी सकाळ. मी तिथेच, शेतात उभी राहून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने अंगणातूनच घेतला.

“आई, बागेला साड्या कशासाठी बांधल्यात गं?”

“आगं वाऱ्यासाठी. आन कशापायी?”

“डुकरांसाठी नाही?”

“आपल्याकडं कुठली आल्यात डुकरं? तुझ्या आण्णांनी बांधावरची झाडं काढली न्हवं का वसवा पडतो म्हून. पयल्या साली बाजरी आली ब्येस. मग डाळिंब लावलं तर वारं ठरू देईना. फुलं गळायची. जी फळं धरायची ती काट्याला घासून घासून डागी व्हायची. आण्णा म्हणायचे औषध कमी पडतंय. मी म्हणलं औषध न्हाई, आडोसा कमी पडतोय. मग बांधल्या साड्या. तेवढ्याच दोन-चार वळी वाचत्यात.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी इचारलंस?”

मी काका-काकूंना सगळं सांगितलं, काहीही न गाळता. सांगता सांगताच माझी चूक मला दिसली. झाड जे खातं ते बुडाशी खातं, एका पट्ट्यात, म्हणून ते नकाशावर लाल दिसतं. जे देतं ते अख्ख्या शेतावर पातळ पसरून देतं, म्हणून त्याला रंगच नसतो. आम्ही सगळ्या शेताचा हिरवा रंग जमिनीच्या नावावर जमा केला आणि लाल तेवढा झाडांच्या माथी मारला. आणि यंत्राला हे कळलं नाही ते ठीक, ते यंत्र आहे. मी तर आईच्या पोटची, आणि बाजरी सारखी उभी दिसल्यावर पुढे काय झालं हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी काकांना म्हणाले, “पश्चिमेची रांग तोडू नका. पुढच्या वर्षी बीट त्या तुकड्यात येणार आहे. मी कागद आणलाय, पण त्यावर सही करू नका. ऑफिसला मी सांगेन. ट्रॅक्टरचा रस्ता ती रांग ठेवूनही आखता येतो, मीच आखून देईन.”

काकांनी फावडं मातीत उभं केलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “गेल्या वेळीही तुम्ही इतक्याच खात्रीने बोलला होतात,” ते म्हणाले.

आता मी खरं बोलत होते आणि त्या खऱ्याला काडीची किंमत नव्हती, कारण माझी पत मी ऑक्टोबरातच त्या बटाट्यांच्या टेबलावर खर्च करून बसले होते.

“आईंना विचारा,” काका म्हणाले.

कॉल अजून चालूच होता. मी फोन फिरवून धरला. पश्चिमेची रांग दाखवली, लांबवर उभी, नुकती हिरवी होऊ लागलेली. आईने डोळे बारीक केले. “वारं तिकडूनच येतं व्हय? मग ती हायेत तशी राहू द्या म्हणावं. अशी वाढलेली झाडं पैसं टाकून मिळत न्हाईत.”

मी ते जपानीत सांगितलं. काकांनी वही काढली, वाऱ्यात पान धरून ठेवत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “राहील. आईंचं ऐकतो.” मग काकूंना साड्या कशा बांधतात ते बघायचं होतं. काळ्या रंगाची जाळी त्या आणणार होत्या, उरलेल्या रोपांच्या आडोशाला. आईने अंगणातल्या दोरीवरची साडी ओढली आणि खुंटीला गाठ मारून दाखवली, वरची घट्ट, खालची थोडी ढिली. “समदं वारं अडवायचं न्हाई, म्हणावं. थोडं जाऊ द्यायचं. न्हाईतर काठ्याच उपटून जात्यात.” काकूंनी हवेत बोटांनी ती गाठ मारून बघितली. मग फोनसमोर वाकल्या. आईनेही हात जोडले.

एवढ्यात माझा हात हलला असेल. आईला बुंधे दिसले.

“ही कुणी तोडली?”

मी फोन परत पश्चिमेच्या रांगेकडे वळवला. काका माझ्याकडे बघत होते, काय विचारलं ते सांगावं म्हणून.

“सांग की. आजारी होती का झाडं?”

“नाही. कुणीतरी त्यांना सल्ला दिला. पीक वाढेल म्हणून.”

आई अंगणात बसूनच चिडली. “घरात बसून सल्ला द्यायला काय जातंय? ज्यानं दिला त्याला म्हणावं, ये हिकडं आन जरा ह्या वाऱ्यात उभा राहून बघ.”

काकांनी भुवया उंचावल्या. गाळता आलं असतं. पण गाळायचं नाही असं मी थोड्याच वेळापूर्वी मनाशी ठरवलं होतं. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही, कारण आईनेही ते घेतलं नव्हतं.

काकांनी चराकडे बघितलं. मग म्हणाले, “सांगा त्यांना, ती व्यक्ती आत्ता वाऱ्यातच उभी आहे.”

ते वाक्य मराठीत आणायला मला फार वेळ लागला. आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तिचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते.

“म्हंजी तू?”

“हो.”

तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. इकडे माझ्या दातांत माती आली होती.

“मग फोन ठिव,” ती म्हणाली, “आन ती माती उचलाय लाग.”

मी फोन ठेवला. काकूंनी आपले हातमोजे मला दिले. ते मला आखूड होत होते. काका हातगाडीपाशी गेले आणि मी चरात उतरले.